खळ्यावरचं खारं पाणी

आई, आपल्या खळ्यावर मी समुद्र आणून ठेवलाय. सगळा नाही, दोन टाक्यांत मावला तेवढाच. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून थोडा वेळ नुसती बघत राहिली असतीस आणि मग विचारलं असतंस, मळणी कुठं करायची? आक्कानंही पहिल्यांदा तेच विचारलं. घर आता तीच सांभाळते. भावजी गेले, तिची मुलं नोकरीनिमित्त लांब आहेत, आणि ती मात्र पुन्हा आपल्याच उंबऱ्याच्या आत आली, तुझ्याच चुलीजवळ बसते, तुझ्यासारखीच बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते. मी बेळगावला अनगोळात राहते आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शनिवारी दुपारी वर्ग संपले की लोंढ्याकडची गाडी धरते, खानापूरला उतरते आणि तिथून मिळेल त्या वाहनानं गावात येते. तू गेलीस तेव्हा मी शिकत होते. पुढं काय झालं ते तुला कळलंच नाही, म्हणून एवढं सविस्तर सांगतेय.

तर या टाक्यांत कोळंबी आहे. तू झिंगे म्हणायचीस ती, पण समुद्रातली. एका टाकीत नुसती कोळंबी आणि दुसरीत कोळंबीसोबत समुद्रातलं शेवाळ, दोरीला बांधून सोडलेलं, तांबूस, केसांच्या गुंत्यासारखं. दोन्हीकडे पाणी तेच, पिल्लं तीच, खाणं तेच. घाटाखालून बेळगावच्या बाजारात मासळी घेऊन येणारा एक टेम्पोवाला पिंपांतून मला पाणी आणून देतो आणि दरवेळी हसतो. त्याला वाटतं, बाईंच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. समुद्र सोडून समुद्रातलं जनावर भाताच्या गावात कशाला पाळायचं, असं त्याचं म्हणणं. प्रश्न रास्त आहे. पण मला दुसराच प्रश्न छळत होता. कोळंबी खाते आणि घाण करते, त्या घाणीनं पाणी हळूहळू विषारी होतं, म्हणून ते सारखं बदलावं लागतं. शेवाळाला मात्र तीच घाण म्हणजे खत. मग दोघांना एका घरात ठेवलं तर पाणी न बदलता किती दिवस निघतील? समुद्र दाराशी असणाऱ्यांना याची फारशी फिकीर नसते. पाणी ओतायलाही समुद्र आणि भरायलाही समुद्र. आपल्याला एक पिंपसुद्धा घाट चढवून आणायचंय. म्हणजे याचं खरं उत्तर आपल्याच खळ्यावर मिळणार, नाही का? हे मी आक्काला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे शेणखतासारखं की. एवढं सांगायला कॉलेज लागतंय व्हय?"

तिनं खळं दिलं, पण अट घालून. आपल्या शेतात खारं पाणी म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. गावात कुजबुज सुरू झालीच होती की ही बेळगावची मास्तरीण भाताच्या जमिनीत मीठ घालणार. आक्का बांधावर उभी राहून म्हणाली, "हे बघ, तुझं शिक्षण तुझ्यापाशी. एक तांब्याबी खारं पाणी ह्या मातीत सांडलं, त्या दिवशी टाक्या उचलायच्या. आणि सुगीला मला खळं मोकळं पायजे." मी होकार दिला. दुसरं काय करणार? जमीन तिनं कसलेली, बोलणं तिचं खरं. पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. पाणी बिघडलं तर ते टाकणार कुठं? टेम्पोवाला दरवेळी पिंपं परत नेणार थोडाच! शेवाळानं पाणी राखलं तर टाक्या राहणार, नाहीतर पावसाळ्यातच गाशा गुंडाळायचा. इतकी वर्षं डोक्यात घेऊन हिंडलेला प्रश्न, आणि तो सोडवायला मिळालेली ही एकच जागा.

डोक्यात हे कुठून आलं म्हणशील तर तुझ्याच स्वयंपाकघरातून. तू बाजारातून सुकट आणायचीस. ती सुपात घेऊन पाखडायचीस, मिशा आणि डोकी उडून जायची, मग तव्यावर भाजायचीस आणि त्या वासानं सगळं घर भरायचं. आप्पा बाहेरूनच ओरडायचे, "आज काय बाजार भरवलाय व्हय आत?" आणि जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी पाटावर बसायचे. मी तव्याजवळ बसून तुला भंडावून सोडते आहे. हे कुठं राहतात? समुद्रात. समुद्र कुठं आहे? घाटाखाली. मग ते तिथं काय खातात? तू उलथनं थांबवतेस, माझ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "जाऊन बघ की." तू समुद्र कधीच पाहिला नाहीस, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू मुद्दाम सांगत नाहीस. शिकायला, मग शिकवायला, मग समुद्रकाठच्या कोळंबी पाळायच्या तळ्यांवर, मी जिथं जिथं गेले ते त्या "जाऊन बघ की"च्या जोरावर.

आणि दुसरी गोष्ट तो कोपरा. आपल्या खालच्या वाफ्यात, ओहोळाच्या अंगाला, लव्हाळा माजलेला असायचा. तू सगळं शेत आरशासारखं लख्ख भांगलायचीस. तणाचं एक पातं तुला खपायचं नाही. दुसऱ्याच्या बांधावरून जातानासुद्धा तुझा हात खाली जायचा आणि तू उपटलेलं तण मुठीत घेऊन चालायचीस. पण तो कोपरा तेवढा तू कधी हात न लावता सोडायचीस. आप्पा चिडायचे, "सगळ्या शेताचं बी तितंच राखून ठेवलंय हिनं!" तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस. त्या लव्हाळ्याच्या मुळांशी, गुडघाभर पाण्यात, काचेसारखे बारीक झिंगे असायचे. मी चहाची एक जुनी गाळणी घेऊन तिथं दिवसभर बसलेली असायची. एकदा मी पार ओहोळाच्या तोंडापर्यंत गेले तर तू वाफ्याच्या त्या टोकावरून अशी हाक मारलीस की बगळे उडाले. येऊन पाठीत धपाटा घातलास, "कोपरा सोडून गेलीस तर तंगडं मोडून ठेवीन." मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं की तुला माहीत असणार. झिंग्यांना आडोसा लागतो, पिल्लं तिथंच वाढतात, तण सगळंच काढायचं नसतं. दरवर्षी वर्गात हा धडा आला की मी मुलांना सांगते, माझ्या आईनं जाणूनबुजून राखलेला एक कोपरा होता. मुलं मान डोलावतात. मला स्वतःचाच अभिमान वाटतो, आणि तुझाही.

टाक्या मांडून वर पावसासाठी पत्रे घातल्यावर पहिले काही आठवडे मी फक्त बघत बसले. आई, कोळंबी कात टाकते हे तुला ठाऊक होतं का? सापासारखीच. वाढायचं तर जुनं कवच सोडावं लागतं, आणि नवं कडक होईपर्यंत ती लोण्यासारखी मऊ असते. तेव्हा बाकीच्या कोळंब्या तिला खाऊन टाकतात. घरचीच माणसं! नुसत्या टाकीत सकाळी तळाशी मिशा आणि तुकडे दिसायचे. शेवाळाच्या टाकीत मात्र मऊ पडलेली कोळंबी दोऱ्यांच्या गुंत्यात शिरून गपचूप बसायची, आणि अंग घट्ट झालं की ऐटीत बाहेर यायची. जणू माहेरपणाला गेली होती. पाण्यातही फरक पडला. नुसत्या टाकीला वास यायला लागला. शेवाळाच्या टाकीचं पाणी स्वच्छ राहिलं. मी नसताना आक्का रोज सकाळी फोनवर टाक्यांचा व्हिडिओ पाठवायची. त्यात निम्मा वेळ तिचा अंगठा आणि निम्मा वेळ म्हैस दिसायची. पण पाठवायची न चुकता. वीज गेली आणि हवेचं यंत्र बंद पडलं की तांब्यानं पाणी उंचावरून ओतत बसायची. अट घालणारी तीच आणि राखणारीही तीच.

मग श्रावण आला. भांगलण सुरू झाली. त्या शनिवारी मी गाडीतून उतरले तेव्हापासूनच मनात होतं की आज शेवाळ किती वाढलं ते तोलून बघायचं. खळ्यावर आले तर आक्का पदर खोचून वाटेतच उभी, चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान. म्हणाली, "ये. तुझं काम करून ठेवलंय." मी पत्र्याखाली गेले. शेवाळाची टाकी लख्ख होती. दोऱ्या रिकाम्या. एक काडी राहिली नव्हती. बांधावर तांबूस ढीग वाळत पडला होता.

"आक्का, हे काय केलंस गं?"

"अगं, एक टाकी कशी निर्मळ हाय, आणि ही बघावी तर नुसतं तण माजलेलं. म्हटलं, तुला वेळ मिळाला नसंल. शेतातनं आलते, हात चालूच हुता, काढून टाकलं. म्हशीपुढं घातलं तर तिनं हुंगून तोंड फिरवलं बघ."

मला हसावं की रडावं कळेना. तिचं काही चुकलंच नव्हतं. दोन वाफे शेजारी शेजारी, एक स्वच्छ आणि एक तणानं भरलेला, तर आपल्या घरातली बाई काय करेल? तुझी लेक ती. पाण्यात उभं हिरवं-तांबडं काही दिसलं आणि ते भात नसलं तर हात आपोआप जातो. मीच मूर्ख. सगळं समजावलं, घाण समजावली, खत समजावलं, पण त्या दोरीला बांधलेल्या गुंत्याकडे बोट दाखवून "हे पीक आहे" एवढं साधं वाक्य बोलले नव्हते. पण हे शहाणपण नंतरचं. त्या क्षणी मी चिडले. तळाशी मऊ कोळंब्यांचे तुकडे दिसत होते. मी ओरडले, "तण नव्हतं ते! सगळी मरतील आता! सगळंच काढायचं नसतं गं आक्का, आईसुद्धा एक कोपरा ठेवायची की नाही?"

आक्कानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण वळली आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. त्या दिवशी थापण्याचा आवाज जरा मोठाच होता.

मी बांधावरचा ढीग उपसला. वरचं वाळून कागद झालं होतं. अगदी तळाला, ढिगाखालच्या बुट्टीत राहिलेलं मूठभर ओलं शेवाळ सापडलं. ते मी जाळीच्या पिशवीत घालून टाकीच्या एका कोपऱ्यात बांधलं. शेवाळाचा एक गुण चांगला आहे, तुकड्यातूनही ते वाढतं, मूळ लागत नाही. पण मूठभर शेवाळ सगळ्या टाकीला पुरणार कसं? मी रविवारी संध्याकाळी बेळगावला परतले तेव्हा मनात धरूनच चालले होते की पुढच्या शनिवारी पिंपं भरून टेम्पोवाल्याच्या हवाली करायची आणि खळं झाडून द्यायचं.

सोमवारी सकाळी फोन वाजला. व्हिडिओत अंगठा नव्हता, म्हैस नव्हती. आक्कानं फोन पाण्याजवळ नेला होता आणि त्या जाळीच्या कोपऱ्यात कोळंब्यांची नुसती दाटी होती. मागून तिचा आवाज, "बघ गं, समदी तिथंच शिरल्यात." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की तिनं खाणं कमी केलंय, घाण कमी होईल म्हणून, चालेल का? चालेल म्हणजे काय, मीच सांगायला विसरले होते! एकेक दिवस पाणी तरलं. मूठभर शेवाळाच्या दोन मुठी झाल्या, मग आक्कानं स्वतःच्या हातानं त्याचे तुकडे करून दोऱ्यांना बांधले, भाताची रोपं लावावीत तशा ओळीनं. मेलेल्या मेल्या. उरलेल्या मात्र अंगानं भरल्या. नुसत्या टाकीतलं पाणी शेवटी मला पिंपांत भरून परत पाठवावं लागलं आणि टेम्पोवाल्याला हसायला आणखी एक कारण मिळालं. आता तिच्यातही शेवाळ आहे.

दिवाळी झाली. भात पिवळं पडलं. गेल्या शनिवारी मी मनाची तयारी करून आले होते. कबूल केल्याप्रमाणे खळं रिकामं करून द्यायचं होतं. आक्का टाकीपाशी पाटावर बसली होती. तिनं बांधाकडे बोट दाखवलं. शेवाळाचा ढीग जिथं टाकला होता तिथलं गवत जळून पिवळं झालं होतं, ताटाएवढी जागा. म्हणाली, "मीठ उतरलंय तितं. अट माझी, मोडली मीच. आता तुला कुठल्या तोंडानं उठ म्हणू? मळणी यंत्रावर करू औंदा, शेतातच ताडपत्री टाकून. तुझी झिंगं ऱ्हाऊंदेत." मी तिच्या शेजारी बसले. एक कोळंबी कात टाकून जाळीत शिरत होती. दोघी बघत राहिलो.

थोड्या वेळानं आक्का म्हणाली, "त्या दिवशी आईच्या कोपऱ्याचं म्हणालीस. आई झिंग्यांसाठी ठेवायची, असं वाटतंय व्हय तुला?"

"मग कशासाठी?"

"तुझ्यासाठी की. लई किरकिरी हुतीस तू. आईच्या पायात पायात यायचीस, तिला भांगलू द्यायची न्हाईस. मी साळंत, सांभाळणार कोण? एकदा तितं झिंगं दिसलं आणि तू गप बसलीस. मग आईनं त्यो लव्हाळा कधी काढलाच न्हाय. लव्हाळा काढला तर झिंगं जातील, झिंगं गेली तर तू उठशील. हितनं तितपर्यंत तुझं डोकं दिसायचं तिला. आप्पांच्या किती शिव्या खाल्ल्या, पर सांगितलं न्हाय. लेकीच्या खेळापायी शेतात तण ठेवलंय म्हटल्यावर काय म्हणले असते ते?"

मी म्हटलं, आणि ती जुनी गाळणी? आक्का हसायलाच लागली. "जुनी कुठली? खानापूरच्या बाजारातनं नवी आणलती चहासाठी. तू हट्ट केलास, दिली तुला. वरीसभर आपण चहा फडक्यानं गाळून पिला. तुला काय आठवतंय!"

आई, मला खरंच काय आठवतंय? मी तुला वर्षानुवर्षं वर्गात उभी करून शास्त्रज्ञ बनवत आले. तुझ्या मनात पाणी, पिल्लं, आडोसा, असलं काहीच नव्हतं. उन्हात वाकलेली एक बाई, मान वर करून लव्हाळ्यात लेकीचं डोकं दिसतंय का बघणारी, एवढंच होतं. आणि गंमत म्हणजे माझं म्हणणंही खोटं ठरत नाही. आडोसा ठेवला की मऊ अंगाचं जनावर तिथं वाढतं. ते जनावर कोणतं, एवढंच मला कळलं नव्हतं. तुझी इतकी आठवण मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. आता पुन्हा वर्गात तो धडा येईल तेव्हा काय सांगायचं, याचा विचार करतेय. अजून ठरत नाही.

आक्का आतून विचारतेय, इतका वेळ काय लिहितेस. पाण्याचं लिहितेय, असं सांगितलंय. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, ते लिहायला बसले तेव्हाच ठाऊक होतं. पण लिहिता लिहिता एक आठवलं. संध्याकाळी बांधावरून घरी येताना तू रोज विचारायचीस, "घावलं का गं झिंगं?" आणि मी सांगायची, "लई घावली, परत सोडून दिली." तू म्हणायचीस, "बरं केलंस." ती नव्या गाळणीची गोष्ट ऐकल्यापासून तुला एवढं सांगावंसं वाटतंय की एकही घावलं नव्हतं, आई. फार चपळ असतात गं ती. एकदासुद्धा नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आधी मीच बांधावर असायची.